आइसलंडला न गेलेला गुलाल

मागच्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "किती झालं रं, आण्णा?" असंच विचारलं. सामन्याच्या वेळेला तिकडून दुसरं कोण बोलणार? पण आवाज आला तो माझ्या भाचीचा, सायलीचा. "आत्या… बाबा गेले गं." सकाळी चहा पिऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, तिथंच मान कलली म्हणे. आणि मी वेडी काय म्हणाले असेन? "अगं पण आज मॅच हाय की!" सायली तिकडं रडायला लागली. मला रडू यायला दुसरा दिवस उजाडला.

आण्णा माझा थोरला भाऊ. कोल्हापुरात आमच्या पेठेचा फुटबॉलचा सामना असला की अख्खी पेठ मैदानावर लोटायची, आणि त्यात हा सगळ्यात पुढं, घसा बसेपर्यंत ओरडणारा. मी कधी गेले नाही. आमच्या वेळी पोरींनी मैदानावर जायची रीत नव्हती. पण आण्णा घरी आला की स्वयंपाकघरात फतकल मारायचा आणि कांदे-बटाटे मांडून सगळा सामना मला पुन्हा खेळून दाखवायचा. "ह्यो मोठा कांदा म्हंजे आपला सेंटर फॉरवर्ड." आई मागून खेकसायची, "तुझा सेंटर फॉरवर्ड आमटीत घालायचाय मला, दे हिकडं!" माझं लग्न होऊन मी कोडोलीला आले आणि ते कांद्यांचे सामने बंद पडले. सासरी कुणाला फुटबॉलचं काय पडलं होतं?

वहिनी गेल्यावर सायली त्याला आइसलंडला घेऊन गेली. ती तिकडं दवाखान्यात नर्स. समुद्राच्या काठाला चिमुकलं गाव, मासेमारीवर चालणारं. गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. आण्णा सुरुवातीला फोनवर अगदी रडकुंडीला यायचा. "मंगल, हितं माणूसच दिसत न्हाय गं. नुसता वारा बोलतोय." मी इकडं एकटी, तो तिकडं एकटा. आमचे हे वारून बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. दोघंही एकमेकांना "जेवलास का, जेवलीस का" विचारायचो आणि फोन ठेवायचो…

मग एक दिवस त्याचा फोन आला तो ओरडतच. "मंगल, हितं तालीम हाय!" मला वाटलं म्हाताऱ्याला चळ लागला. पण खरंच होतं. त्या गावाचा एक क्लब. फुटबॉल त्याचाच, हँडबॉल त्याचाच, पोहणं, व्यायामशाळा, पोरांचा संघ, पोरींचा संघ, सगळ्यांची जर्सी एकच. आपल्या तालमीत कुस्ती, फुटबॉल आणि गणपती एकाच छताखाली असतात ना, तसंच. आण्णा रोज तिथं जाऊन बसायला लागला. भाषा येत नव्हती, पण ओरडायला भाषा कशाला लागते? शेवटी त्यांनी त्याला काम दिलं. समुद्राकडच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं आणि वाऱ्यानं पाण्याकडं निघालेला चेंडू अडवायचा.

क्लबवाले सामना मोबाईलवर दाखवायचे. सायलीनं मला तो लावायला शिकवलं. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बसायची आणि दुसऱ्या फोनवर आण्णा. त्याचा फोन स्वेटरच्या खिशात चालूच. गंमत अशी, की चित्र मागून यायचं आणि त्याचा आवाज आधी. "हाण की! हाण की लेका… गोऽऽल!" असं कानात ऐकू यायचं तेव्हा माझ्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यातच घुटमळत असायचा. मी हसू दाबून बघत राहायची. गोल होणार हे ठाऊक असूनही जीव वर-खाली व्हायचा. पोरींचा सामना असला की म्हणायचा, "तू हितं असतीस तर गोलकीपर झाली असतीस बघ. पळती कोंबडी एका हातानं धरायचीस." साठी उलटून गेल्यावर भावाशेजारी बसून सामना बघायला मिळाला मला, तोही असा.

पहिल्यांदा जिंकले तेव्हा त्यानं घोळ घातला. जाताना जोतिबाचा गुलाल बरोबर नेला होता, त्यातला बराचसा मैदानात जाऊन पोरांवर उधळला. जिंकल्यावर गुलाल नाही तर काय, असं त्याचं साधं गणित. पण तिथलं गवत प्लास्टिकचं! मैदान लाल, पांढऱ्या जर्सी गुलाबी, आणि प्रशिक्षक बाई संतापून लालेलाल. आण्णाला झाडू धरावा लागला. "व्हय, चुकलंच माझं," मला म्हणाला, "पर झाडताना निम्मा क्लब संगं आला बघ." पुढं त्यांनीच ठरवलं, गुलाल उधळायचा तो गाड्या लावायच्या खडीवर. मागच्या उन्हाळ्यात पोरींनी सामना जिंकला तेव्हा त्या खडीवर रांगेत उभ्या राहिल्या म्हणे, कपाळ पुढं करून. उरलेला गुलाल तेव्हा संपला.

यंदा क्लब हरतच होता. तरी आण्णाचा लकडा सुरू. "मंगल, गुलाल धाड. जिंकलो आन् गुलाल नसला तर काय तोंड दाखवू?" मी जोतिबाच्या डोंगरावर जाऊन पुडा आणला. सायलीच्या ओळखीचं कुणीतरी तिकडं जाणार होतं, त्याच्याकडं द्यायचा होता. तो जायच्या आधीच आण्णा गेला. पुडा देवघरात तसाच.

गेल्या शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. बघायचा नाही असं ठरवलं होतं… वेळ झाली आणि हात गेलाच. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. दुसरा फोन शेजारी, मुका. समुद्राकडची खुर्ची दिसत होती, रिकामी. सामना संपत आला होता, मी डोळे पुसायला पदर वर केला, आणि खाली घेते तोवर पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. गोल झाला होता. मला आधी कुणी सांगितलंच नाही.

जिंकले. मी पुडा फोडला आणि अंगणात जाऊन मूठभर गुलाल वर उधळला. शेजारची सून कुंपणावरून बघत होती. "काकू, कोण निवडून आलं वो?"

"आमचा क्लब जिंकला," म्हटलं.

"कुठला वो?"

मला नाव सांगता येईना. घरात आले, सवयीनं फोन उचलला आणि आण्णाच्या नावावर बोट ठेवलं. घंटा वाजत राहिली, मग आपोआप बंद झाली. काचेवर बोटाचा लाल ठसा राहिला. आज आठवडा होत आला, मी तो ठसा चुकवून फोन लावते.