बॉनेटखालचा तारपा

जिव्या, तुझ्याशी बोलायचंच आहे मला. माणूस असं करतो का रे?

आमच्या ह्यांची ती विलायती स्पोर्ट्स गाडी. हे गेल्यापासून जव्हारला पत्र्याखाली पडून. कोंबड्या आत अंडी घालत. तिचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले. इंजिनानं नळीतून हवा ओढली की वर यायचे. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात तू आपण होऊन आलास. जामसरचा, माझ्या वर्गात सातवीपर्यंत टिकलेला, आता जीपगाड्या दुरुस्त करणारा. नळी तोंडात धरून हवा ओढलीस आणि उजवा दिवा दोन बोटं वर आला! मी दचकून मागे सरले.

"बाई, म्हातारी जागी हाय!"

"कोण म्हातारी?"

"गाडी वो. तुमी नाय."

नळ्या बदलल्यास. पण हवा धरून ठेवणारा डबा गंजून चाळणी झाला होता. "सोड," म्हटलं, "दिवसाच चालवू." पण मोखाड्याच्या जीपस्टँडवर तू सांगून बसला होतास, दोन्ही डोले उघडणार म्हणून. आठवड्यानं डब्याच्या जागी सुका भोपळा आणलास, नळी खुपसून भोक मेणानं बुजवलंस. दिवे टकाटक उभे! भोपळा कुठला विचारलं, तर म्हणालास, "घरचा."

लगेच मोखाड्याला मिरवायला नेलीस, मलाही बसवून. परतताना कातरवेळी, घाटाच्या चढणीला, पुढून 'टाक' झालं आणि दोन्ही दिवे खाली बसले. समोर वळण, बाजूला दरी. मी किंचाळले. तू ब्रेक दाबलास.

बॉनेट उघडलं. मेण वितळलेलं, भोपळा आत पिचकलेला. बॅटरीच्या उजेडात त्याच्यावरचा जुना मण्यांचा पट्टा दिसला.

"अरे, हा तुझ्या बापाच्या तारप्याचा!"

"हा."

"फुंकून वाजवायचा तारपा, त्याचा भोपळाच कापलास? अक्कल कुठं ठेवलीस?"

"आता खुटीवरच असतो तो, बाई. नवा भात येईस्तोर कोन वाजवतो? साखरशेतच्या नवशाकडं असाच भोपला हाय. ह्याच गाडीनं आणू."

जामसरला तारपा वाजवणारा तू एकटा. तो नसेल तर भाताचा नाच कसला? मी बोट रोखलं. "आणला नाहीस तर याद राख!"

"लावणी झाली का जाऊ."

उरलेला घाट मी खिडकीतून बॅटरी धरून काढला. तू आपला हसत होतास.

आषाढात लावणी करतानाच तुझ्यावर वीज पडली. तुझी बायको गोजाबाई सांगायला आली, तर मी तिलाच विचारलं, "कोण जिव्या?" इतकी बधिर झाले होते.

त्या साली जामसरला नाच झाला नाही.

नवशाच्या वाशाला तो भोपळा अजून लटकतोय म्हणे; जिव्याला शब्द दिलाय म्हणतो, दुसऱ्या कुणाला देत नाही. गाडी पत्र्याखाली, दिवे मिटून. साखरशेतला जायचं तेवढं राहिलं, जिव्या.