आत्याचा एकुलता एक इंग्रजी शब्द

माझ्या आत्याला इंग्रजी शब्द एकच येतो: क्लॅमी. मला तिच्यापेक्षा चार जास्त येतात, पण ऐट प्रोफेसराची.

आत्या तीस वर्षं इस्पितळात आया होती. वॉर्डात सगळ्यांची मावशी, माझी एकट्याची आत्या. चादरी बदलताना ती पेशंटच्या कपाळाला पालथा हात लावायची. एका म्हाताऱ्या सिस्टरनं तिला सांगून ठेवलं होतं, अंग गार आणि वर चिकट घाम लागला तर डॉक्टरांपुढे पाल्हाळ लावायचं नाही. 'क्लॅमी' म्हणायचं, ते उठतात.

मी डिक्शनरी उघडली आणि शब्द घरभर उधळला. न वाळलेला टॉवेल क्लॅमी, मोरीची भिंत क्लॅमी, होणाऱ्या सासऱ्यांचा हात तर अस्सल क्लॅमी. आत्या एकदाच म्हणाली, भिंतीला ओल आलीय म्हण, टॉवेल दमट म्हण. हा शब्द माणसासाठी राहू दे.

त्यामागचं कारण बाबांनी सांगितलं होतं. आत्याचे यजमान गेले ते ऐन उन्हाळ्यात. हात गार लागतोय, घाम आलाय, असं ती दवाखान्यात सांगत राहिली. उकाड्याचा घाम असेल, पंख्याखाली बसवा, असं उत्तर मिळालं. तिनं बसवलं. इस्पितळातली नोकरी धरली ती त्यानंतर.

एका रविवारी जेवण झाल्यावर बाबा खुर्चीत टेकले, पित्त झालंय म्हणाले. आत्यानं हातातलं ताट खाली ठेवून त्यांचं कपाळ पाहिलं, मग मनगट.

"क्लॅमी."

"कोण, टॉवेल की भिंत?" मी म्हणालो. सगळं माहीत असून म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "रिक्षा आण."

सोडा घेतला की बरं वाटेल, असं बाबा म्हणत होते. "तू गप्प बस," ती आपल्या धाकट्या भावाला म्हणाली.

इस्पितळात तरुण डॉक्टर काहीतरी लिहीत होते. आत्यानं तो एक शब्द उच्चारला. ते पेन ठेवून उठले.

तासाभरानं बाहेर येऊन म्हणाले, हार्ट अटॅक होता, वेळेत आणलंत, आता धोका नाही. मी बाकावर बसलो. माझा तळहात गार पडून घामेजला होता. आत्यानं तो हातात घेऊन चाचपला.

"क्लॅमी?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "तू नुसता घाबरलायस."

हात मात्र तिनं सोडला नाही.