थोडं पाणी

ओल्या दोराचा वास आला की नांदूरघाटची विहीर आठवते. निजामी अमदानीत मी हैदराबादला शिकत होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो होतो. विहिरीभोवती फिरत ‘थोडं पाणी द्या, थोडी भाकर द्या’ असं फ्रेंचमध्ये घोकत होतो. ‘थोडं’ म्हणायची फ्रेंचांची तऱ्हा काही केल्या जमत नव्हती. विहिरीच्या कट्ट्याखाली तापल्या दगडांवर रिकामी घागर घेऊन एक बाई उभी होती. तिच्या जातीला विहीर शिवायची बंदी. कुणी ओतलं तरच पाणी. “मालक, लई येळ झाला, थोडं पानी वाढा की.” “थांब, पाठ होऊ दे,” मी म्हणालो. पाठ झालं, आणि त्या आनंदात मी तडक घरी जेवायला गेलो. परीक्षेत नेमकं तेच वाक्य आलं. पैकीच्या पैकी मिळाले. आता सगळी फ्रेंच विसरलोय. तेवढं वाक्य राहिलंय, तेही तिच्या आवाजात.