राजदरीला ऐकलेला शब्द

माझ्या कुठल्याही गोष्टीतून निम्मं वजा करायचं, अशी काशीत आमच्या रामघाटावर रीत आहे. मी गंगा पोहून गेलो म्हटलं, की लोक मला गुडघाभर पाण्यात उभं करतात. ही गोष्ट मात्र आहे तेवढीच घ्यावी.

त्या दिवसांत माझी संकठा देवीशी कट्टी होती. माझे थोरले भाऊ अण्णा यांनी जन्मभर पाठशाळेत वेद शिकवले, रोज तिच्या पायऱ्या चढले, आणि म्हातारपणी तिने त्यांची आठवणच काढून घेतली. सख्ख्या भावाला ते ‘आप’ म्हणू लागले. पाणी दिसलं की तेवढे शांत व्हायचे. म्हणून माझी बायको म्हणाली, त्यांना मोठं पाणी दाखवू. भाद्रपदात गाडी करून आम्ही तिघं राजदरीच्या धबधब्याला गेलो.

पाणी कसलं, अर्धी गंगा कुणीतरी कड्यावरून उपडी केली होती. तुषार असे, की चहा प्यावा तितका मातीचा कुल्हड भरत जावा. हे मी बायकोला रंगवून सांगत होतो. मागे वळलो, तर अण्णा नाहीत.

भुट्टे भाजणाऱ्या बाईला विचारलं, धोतरवाले बाबा दिसले का? पंखा न थांबवता ती म्हणाली, “बाबा? ऊ त दरी पर बइठल हउवन.”

आमच्या चार पिढ्या काशीत गेल्या. मी भांडतो हिंदीत, घोरतोही बहुधा हिंदीतच. हिंदीत दरी म्हणजे सतरंजी, हे मला कुणी शिकवायला नको. बायको म्हणालीसुद्धा, “अहो, सतरंजीवर म्हणतेय ती. ती बघा झाडाखाली मंडळी बसलीयेत.” पण माझ्या कानात तो शब्द मराठीतच शिरला. मी कड्याकडे धावत सुटलो.

अण्णा कठड्यापलीकडे ओल्या खडकावर उभे होते, ओंजळ पुढे, एक पाय उचललेला. मी मागून कंबरेला मिठी मारली आणि दोघंही मागे आपटलो.

“हळू रे,” अण्णा म्हणाले. “अर्घ्य देत होतो.”

किती महिन्यांनी मला ‘रे’ ऐकू आलं.

निघताना त्या बाईचे आभार मानायला गेलो, तर ती गोंधळली. तिने झाडाखाली बोट दाखवलं. सतरंजीवर दुसऱ्याच कुणाचे धोतरातले आजोबा पुरी खात बसले होते. आमच्या अण्णांना तिने पाहिलंच नव्हतं.

तिचा माणूस चुकला, माझा अर्थ चुकला, आणि हात पोचायचा तिथेच पोचला. तो शब्द माझ्या कानात मराठी कुणी केला, हे मी देवीला रोज विचारतो. कट्टी तिथेच सुटली. ती काही सांगत नाही, आणि आता मीही हट्ट करत नाही.

अण्णा बरे झाले नाहीत. परवा संकठा घाटाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी मला नावाडी समजून हात दिला. “धीरे ले चलना, भइया.”

“हो अण्णा,” म्हणालो, आणि त्यांच्या पावलाने चालू लागलो.