चराईबंदीचा कागद

सुबाभळीवर माझा पहिल्यापासून राग होता. राग धरायला मला फारसं कारण लागत नाही, हे माझ्या घरचे कुणालाही सांगतील. मी मूळची सोलापूरकडची. बदली होऊन पुण्यात आले, सूसला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, आणि दोन हजार साल उलटल्यावर ऑफिसातल्या सात-आठ जणांबरोबर दर रविवारी मुळशीतल्या एका टेकडीवर जायला लागले. टेकडी एका निवृत्त शिक्षकांची होती. सरपण मिळेल म्हणून त्यांनी कधीकाळी सरकारी योजनेतून तिथे सुबाभूळ लावली, आणि ती इतकी माजली की दुसरं काही उगवेना. सर म्हणाले, "तुम्हाला काय लावायचं ते लावा, पण आधी ही अवदसा घालवा."

आम्हाला तिथे हिरडा, ऐन, जांभूळ असं इथलं जुनं रान परत आणायचं होतं. मी विमा कंपनीत कारकून, त्यामुळे हिशेब आपसूकच माझ्या गळ्यात पडला. तो मी मोठ्या हुशारीनं मांडला. जाड खोडं वखारवाला विकत नेईल, त्याच पैशांतून तोडणाऱ्यांची मजुरी निघेल, आणि टेकडी फुकटात मोकळी होईल. पहिल्या हिवाळ्यात झालंही अगदी तसंच. ट्रक भरभरून लाकूड गेलं आणि मी चार दिवस ऑफिसात कॉलर ताठ करून हिंडले.

पुढच्या दिवाळीपर्यंत एकेका बुंध्याला डझनभर फुटवे आले होते, आणि मधल्या मोकळ्या जागेत बियांतून नवी रोपं मेथीच्या वाफ्यासारखी दाट उठली होती. आता विकायला जाड खोड एकही नव्हतं, त्यामुळे वखारवाला फिरकेना. बुंधे पहारीनं खणून काढायचे म्हटलं तर खडकात रुतलेली ती मुळं काढताना गडी दिवसाकाठी पाच-सहाच्या वर जाईना. झाड तोडायचा खर्च एकदाच येतो, ते मारायचा खर्च मात्र वर्षानुवर्षं येत राहतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्या हिशेबात त्या पुढच्या वर्षांसाठी एक ओळसुद्धा नव्हती.

त्याच सुमारास ती पहिल्यांदा माझ्यासमोर आली. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीवर राहणारी, नवरा गेलेली, पन्नाशीची बाई. तिच्याकडे अकरा शेरडं होती आणि त्यांच्यावरच तिचं पोट चालायचं. मी वर पोचले तर आम्ही तोडून हिरडा-ऐनाची रोपं लावलेल्या पट्ट्यात तिनं एकेक शेरडू एकेका बुंध्याला आखूड दोरीनं बांधलेलं. मी लांबूनच ओरडायला सुरुवात केली.

"ओ मावशी! सोडा ती आधी. रोपं खातील आमची."

"रोपापत्तूर दोरी पोचत न्हाई, ताई," ती शांतपणे म्हणाली. "बुंध्याचा फुटवा तेवढा खात्यात. दुपारी दुसऱ्या बुंध्याला बांधती. फुटवा आला की खायाचा, आला की खायाचा. तीन वर्सांत बुंधा आपसूक मरतुया. आमच्या बांधावरचं असंच मारलं आमी."

"आणि मेल्यावर तुमच्या शेळ्या काय खाणार?"

"तवाचं तवा बगू. तीन वर्सं तर निगतील."

मला ते बोलणं लबाडीचं वाटलं. चराईसाठी काढलेली सबब, दुसरं काय! शेळी म्हणजे रानाची वैरीण, हे आम्ही सगळ्यांनी भाषणांतून इतकं ऐकलं होतं की त्यावर विचार करायची गरजच उरली नव्हती. मी तिला हाकललं. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. उन्हाळ्यात त्या अख्ख्या भागात हिरवं असं फक्त आमच्या टेकडीवर राहायचं, ती तरी दुसरीकडे कुठं जाणार होती? भुकूमपासून वरपर्यंत माळांना फार्महाऊसवाल्यांची कुंपणं पडायला लागली होती.

पैशांसाठी आम्ही एका आयटी कंपनीकडे गेलो. रोपं लावायला ते पैसे द्यायला तयार होते, नावाची पाटीही हवी होती. सुबाभूळ काढायच्या खर्चाचा विषय काढला तर तिथला साहेब हसला. "मॅडम, झाडं मारायला पैसे दिले असं आम्ही रिपोर्टमध्ये कसं दाखवणार?" मग मी तो खर्च 'जमीन तयार करणे' या नावाखाली घुसवला, तोही एकाच वर्षाचा, कारण त्यापुढे ते ऐकेनात. त्यांची अट एकच होती. चारही बाजूंनी तारेचं कुंपण आणि कडक चराईबंदी, तीही लेखी. तो कागद मीच लिहिला. सुवाच्य अक्षरात, 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द अधोरेखित करून. सरांची सही घेतली, स्वतःची केली, आणि एक प्रत वस्तीवर जाऊन तिला वाचून दाखवली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी उन्हाळ्यात बी न्हाई?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

कुंपणाची तार कोपऱ्यावर कमी पडली. ठेकेदारानं तो अर्धा-पाऊण एकराचा तुकडा बाहेर ठेवूनच काम आटोपलं. त्यावरून मी त्याच्याशी कडाकडा भांडले, पण त्यानं दाद दिली नाही. ती आपली शेरडं त्या तुकड्यात बांधायला लागली. तेवढ्यावर अकरांचं भागणं शक्य नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात तिनं पाच विकली, पुढच्या उन्हाळ्यात चार. पौडच्या बाजारात शेरडू दोरीनं ओढत नेताना ती मला एकदा रस्त्यात दिसली होती. मी स्कूटर थांबवली नाही.

कुंपणाच्या आत आमच्या नाकी नऊ आले होते. वर्षातून दोनदा मजूर लावून फुटवे कापायचे, बुंध्यांना औषध फासायचं, की पुढच्या खेपेला बाजूनं नवे फुटवे हजर. कंपनीचे पैसे पहिल्याच वर्षी संपले. नंतर पदरमोड. रविवारी येणारे आठांचे तीन झाले. इथला मजुरीचा दरही वाढत होता, कारण लवासाच्या बांधकामावर रोख पैसे मिळायचे आणि आमच्या कामाला माणूस मिळेना.

कुंपण घातल्यानंतर चौथ्या वर्षी, फाल्गुनात, मी कुंपणाबाहेर त्या कोपऱ्यावर पाणी प्यायला बसले होते. समोर बाहेरचा तुकडा होता, रोजचाच, पण मी तो आजवर नीट पाहिलाच नव्हता. तिथे एकही सुबाभूळ जिवंत नव्हती. बुंधे वाळून खडखडीत झाले होते, मी पायानं ढकलला तर एक मुळासकट कलंडला. मधून धायटीची झुडपं उठली होती, दोन-तीन कोवळी ऐनाची झाडं होती, कुणी न लावलेली. आणि माझ्या पाठीमागे, तारेच्या आत, माझ्या उंचीची सुबाभळीची भिंत. मला रडू आलं. सुबाभळीसाठी नाही. ती बाई माझ्यासमोर उभी राहून, काही न मागता, फुकटात मला सगळं सांगत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते, त्यासाठी.

सरांना आणि आमच्यातल्या उरलेल्यांना पटवायला दोन महिने गेले. कंपनी तोवर आमचं नावही विसरली होती, त्यामुळे अट रद्द करायला कुणाला विचारावं लागलं नाही. आम्ही कुंपणाला फाटक करायचं ठरवलं, आणि वर्गणी काढून तिला दोन शेळ्या घेऊन द्यायचं. मी वस्तीवर गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. दावणीला एकही शेरडू नव्हतं. उरलेली दोन तिनं मागच्याच महिन्यात, गुडघ्याच्या दवाखान्यापायी विकली होती.

मी सांगितलं, माझी चूक झाली. असं सरळ बोलायची मला सवय नाही, शब्द जड गेले. तिनं सुपावरची नजर वर केली नाही.

"चूक तर झाली, ताई," ती म्हणाली. "पर आता दोन शेरडांचा काय उपेग? तवा अकरा व्हती, पाय बी व्हतं. आता त्यांच्यामागं कोण पळंल?"

"मग आम्ही काय करू, मावशी?"

"मजुरी काय देतासा?"

मी सांगितली. तिनं मान डोलावली. "उद्यापासनं येती. बसून व्हईल तेवढं करती." त्या डोंगरात तिनं तोवर कुणाच्या हाताखाली काम केलं नव्हतं.

ती आली. एकेका बुंध्यापाशी बसून विळ्यानं फुटवे कापायची, अगदी मुळापाशी, शेरडू खाईल तितके जवळून, आणि पंधरवड्यानं त्याच बुंध्यापाशी परत यायची. तिच्या हातचे बुंधे खरोखर मरायला लागले. आमच्याकडे इतकं चोख काम कुणीच केलं नव्हतं, आणि दर शनिवारी तिच्या हातावर पैसे ठेवताना मला माझी लाज वाटायची.

एका सकाळी मी तिच्या मागेच थोड्या अंतरावर काम करत होते. तिनं कोवळ्या पाल्याचा भला मोठा झुबका कापला, हातात धरला, आणि जीभ टाळ्याला लावून तीनदा आवाज काढला. शेरडांना बोलवायचा. हात तसाच पाल्यासह पुढे धरलेला. मग तिच्या लक्षात आलं असावं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मी दिसले. मी खाली मान घातली.

पाला तिनं बाजूला टाकला नाही. दुपारी भाकरी खाईपर्यंत तो तिच्या मांडीवरच होता.