वैजिनाथअप्पांचा मोडेम

घाटनांदूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैजिनाथअप्पांचं दुकान आहे, मागंच घर. आता तिथं झेरॉक्स निघते आणि मोबाइलची कव्हरं मिळतात, पण गावातलं पहिलं इंटरनेट आलं ते याच दुकानात. अप्पा तेव्हा पोरांचा क्लास घेत आणि मोडेमचा धडा आला की त्यांना चेव चढे. कंप्युटरला कळतात आकडे, टेलिफोनच्या तारेला कळतो आवाज; मधे बसून एकाचं दुसऱ्याला समजावतो तो मोडेम, असं ते सांगत. जोडणी होताना ती किंचाळी कसली, असं कुणी विचारलं की ते बैलबाजाराचा दाखला देत. तिथं दोन व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तसे हे दोन मोडेम आपसात वेग ठरवतात. याला हँडशेक म्हणायचं. समोरून सूर जुळला नाही, तर मोडेम थोडं थांबून फोन ठेवून देतो.

हे सगळ्यात आधी पाठ झालं त्यांच्या लेकीला, वर्षाराणीला. ती त्या किंचाळीची हुबेहूब नक्कल करी आणि मोडेमला द्यायचे हुकूम पोरांच्या आधी टाइप करून मोकळी होई. अप्पांचा तिच्यावर भारी जीव. तरी तिनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा याच माणसानं तिला उंबरा बंद केला. राग वर्षभरात निवळला, पण शब्द मागं घ्यायला जीभ वळेना. तिचा पत्ता कुणाला विचारायचीही लाज वाटली. तिला घरचा एकच नंबर पाठ आहे म्हणून गावातले बाकीचे तारेचे फोन गेले तरी अप्पांनी आपला ठेवला, आणि वाट पाहत बसले.

त्या तारेवर मोडेमही होताच. पूर्वी एका बियाणे कंपनीचा कंप्युटर रोज फोन करून गावातल्या दुकानांतला साठा अप्पांच्या कंप्युटरला विचारी, म्हणून पहिल्या रिंगला आपणहून फोन उचलायचा हुकूम अप्पांनी मोडेमला देऊन ठेवला होता. ते काम कधीच बंद पडलं. मोडेम मात्र त्या हुकुमासकट चालू राहिला, कारण खंडेनवमीला लोक विळा-कोयता पुजतात तसा अप्पा मोडेम पुजत, आणि पुजलेल्या यंत्राचा दिवा विझवायचा नाही हा त्यांचा हट्ट. लाइट गेली तरी तो इन्व्हर्टरवर तेवत राही.

कधीमधी फोन एकदाच वाजे, मोडेम किंचाळे आणि गप्प होई. बायको मल्लम्मा म्हणे, पोरगी तर नसेल? अप्पा म्हणत, कंपनीचा कंप्युटर असेल, सवयीनं लावत असेल. मल्लम्मा गेल्या साली वारली. तोवर तिचा कान त्या एका रिंगकडेच होता.

यंदा तारेचे फोन कायमचे बंद झाले. तार काढायला आलेल्या शहादेव लाइनमननं बोलता बोलता सांगितलं, की लातूरला वर्षाताई भेटल्या होत्या. अप्पांनी माझा आवाज ऐकायला नको म्हणून फोनला मशीन लावलंय, असं त्या म्हणत होत्या. शहादेवकडून नंबर घेऊन अप्पांनी तिथंच मोबाइल लावला.

"वर्षा, मी हाय."

अप्पांनी कंपनी, पूजा, विसर, सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं.

"दर खंडेनवमीला फोन केलता मी, अप्पा. दर साली तेच मशीन. ते बंद करायला एका ओळीचा हुकूम लागतो. तुमीच शिकवलता."

"इसरलो गं."

"क्लासातल्या एका पोराला तुमी ते इसरू दिलं न्हाई. आन् तुमी इसरलात?"

खरं तेच अप्पा सांगत होते, आणि ते खरं वाटावं असं त्यात काहीच नव्हतं. तिनं फोन ठेवला.

त्यांनी पुन्हा लावला. एकदाच रिंग गेली आणि तुटली. मग प्रत्येक वेळी तसंच. शहादेव तारेचं भेंडोळं खांद्याला अडकवून निघून गेला. मोडेमचा दिवा तसाच लागलेला होता. अप्पा त्याच्यासमोर बसून राहिले, पण तो बंद करायला त्यांचा हात उचलेना.