एकोणीस सेंटचा खडा

जळकोटच्या शाळेवर शिक्षिका म्हणून माझी बदली झाली, तेव्हा मला खोली मिळाली ती द्वारकाबाईंच्या पिठाच्या गिरणीमागं. सामान उतरवायच्या आधीच त्यांनी मला बजावलं, "गिरणी सकाळी सातला सुरू व्हती. कान दुखले म्हणून कटकट चालायची न्हाय. चालत असंल तर सामान उतरवा, न्हायतर टेम्पो अजून उभाच हाय."

त्या सगळ्यांशी अशाच बोलायच्या. नवरा हरिबा वारला तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. गिरणी विकून टाक म्हणणाऱ्या दिरांना त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं आणि पट्टा चढवण्यापासून मोटर उघडण्यापर्यंत सगळं स्वतः शिकल्या. दहाव्याला बायकांनी त्यांच्या नाकातली चमकी काढून घेतली होती. पण नाकाचं भोक त्यांनी बुजू दिलं नाही. बावीस वर्षं त्यात कडुलिंबाची बारीक काडी घालून ठेवली. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नाक माझं हाय. भोक ठेवायचं का बुजवायचं ते मी बघीन."

साठाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, हिऱ्याची चमकी घ्यायची. एकच खडा, पण अस्सल.

मुलगा कृष्णराज ताटावरून उठला. "या वयात? विधवा बाईनं? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू दे. दळण घेऊन माझ्याकडंच येतील."

सोबतीला त्यांनी मला घेतलं. मायेनं नव्हे. "तुमाला इंग्रजी वाचता येतंय," एवढंच म्हणाल्या.

पहिल्यांदा आम्ही उमरग्याला एका मोठ्या काचेच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं बाईंच्या हाताकडं पाहिलं. नखांच्या कडेला पीठ होतं. "मावशी, खड्याच्या चमक्या तिकडं. दोनशेपासून आहेत."

"म्या हिरा म्हणाले. कान फुटलेत का?"

पोरानं खडा दाखवला, भाव सांगितला, पण ट्रे स्वतःच्या हातातून सोडला नाही. बाई उठल्या. "चोर समजतोस व्हय मला? बस तुझा हिरा घेऊन."

दुसरं दुकान सोलापूरचं. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर शिवानी पोतदार नावाची तिशीतली बाई बसायची. हिऱ्यांचं शिक्षण घेतलेली. द्वारकाबाईंनी बसल्या बसल्या उमरग्याचा भाव सांगितला, तशी ती फटकन म्हणाली, "कसला भाव? किती सेंटचा खडा, कुठला दर्जा, खाणीतला की कारखान्यात केलेला? यातलं काही माहीत नसताना मला भाव सांगू नका. दोन दुकानांत एकसारखे खडे पाहिल्याशिवाय तुलना करता येत नाही."

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात व्हय?"

"गोड बोलणारे खाली भरपूर आहेत. तिकडं जा."

तरी तिनं भिंग हातात दिलं. हिऱ्याच्या कडेवर कोरलेला बारीक आकडा दाखवला आणि तो सर्टिफिकेटवरच्या आकड्याशी जुळवायला लावला. कॅरेटचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट, हेही सांगितलं. खडा दागिन्यात बसवण्याआधी सुटा बघायचा आणि सुटाच तोलून घ्यायचा, असं दोनदा बजावलं. भावात मात्र एक रुपया कमी करायला तयार झाली नाही.

"लई शिष्ट बाई हाय," जिना उतरताना द्वारकाबाई म्हणाल्या. पण एसटीत बसल्यावर त्यांनी मला सगळं पुन्हा विचारून घेतलं.

घरी आल्यावर पाहिलं तर कृष्णराजचा सूर बदललेला. "घ्यायचीच असंल तर माझ्या दोस्ताकडून घे. सोमेशचं नळदुर्गात दुकान हाय. घरचा माणूस."

सोमेशनं चहा मागवला, पंखा आमच्याकडं वळवला, बाईंच्या पायाही पडला. खडा दाखवला एकवीस सेंटचा आणि भाव सांगितला पोतदारबाईपेक्षा बराच कमी. पेनासारखं एक यंत्र खड्याला टेकवलं. टीं टीं वाजलं. "बघा मावशी, अस्सल हिरा. काचेवर हे वाजत न्हाय."

बाईंनी भिंग मागितलं.

"सापडंना बघा कुठं ठेवलं ते. दोन दिवसांपासून शोधतोय."

"मग काट्यावर ठेव."

"सर्टिफिकेटवर वजन हाय की, मावशी."

"म्या बावीस वर्षं तोलूनच दळतेय. चिठ्ठी बघून न्हाय. ठेव."

काट्यावर एकोणीस सेंट आले. सोमेश हसला. "पंख्याच्या वाऱ्यानं हलतोय काटा."

"पंखा बंद कर."

पंखा बंद झाला. आकडा एकोणीसच राहिला.

आता बाई दुकान डोक्यावर घेणार, म्हणून मी पर्स आवरून उठायच्या बेतात होते. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "असंल काट्यात फरक. दे. पावतीवर खाणीतला अस्सल हिरा, एकवीस सेंट, असं लिही. सही कर. खडा सुटाच दे, बसवायचं मागनं बघू."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "संशय आला होता तर घेतला कशाला?"

"न घेता बोलले असते तर म्हातारी येडी ठरली असती. आता त्याची सही हाय माझ्याकडं."

रविवारी आम्ही पुन्हा सोलापुरात. पोतदारबाईनं पावती बघून नाक मुरडलं. "दुसरीकडून घेता आणि तपासायला माझ्याकडं येता?"

"तपासणीचे पैसे घे. फुकट मागत न्हाय."

तिनं भिंगातून पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. खड्याच्या आतल्या रेषा दुहेरी दिसत होत्या. कडेवर आकडा नव्हताच. मग तिनं दुसरं यंत्र लावलं. "हे मोझॅनाइट आहे. कारखान्यात तयार होणारा वेगळाच खडा. ते साधं यंत्र यालाही वाजतं, म्हणून लोक फसतात. हा हिऱ्यापेक्षा हलका असतो. सर्टिफिकेट खरं आहे, पण दुसऱ्याच खड्याचं." हे सगळं तिनं कागदावर लिहून सही-शिक्क्यासह दिलं. तपासणीचे पैसेही मोजून घेतले.

त्याच संध्याकाळी बाई सोमेशच्या दुकानात उभ्या राहिल्या. आत चार गिऱ्हाइकं होती. त्यांनी पावती आणि कागद काचेवर शेजारीशेजारी मांडले आणि मला म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा, बाई."

मी वाचलं. एक जोडपं उठून निघून गेलं. सोमेशनं घाईघाईनं शटर अर्धं ओढलं. "मावशी, हळू बोला. पैसे परत देतो."

"घरचा माणूस ना तू? पाया पडून गळा कापतोस?"

तेव्हा तो चिडला. "मला एकट्यालाच काय बोलता? कृष्णराजलाच इचारा. म्हणला, आईला काय कळतंय, देऊन टाक. वरच्या नफ्यातले निम्मे त्यानंच घेतलेत."

बाईंनी पैसे घेतले, पदरात बांधले आणि जळकोटची एसटी धरली.

कृष्णराज गिरणीतच होता. त्यानं नाकारलं नाही. उलट आवाज चढवला. "काय बिघडलं असतं? नाकात तो तेवढाच चमकला असता. तुला काय फरक पडणार होता?"

"मला फरक पडतो का न्हाय, ते तू ठरवणार?"

"लोकांसमोर माझ्या दोस्ताची अब्रू घालवलीस."

"तुझी घालवायची राहिली. आता घालवते." बाईंनी मोटर बंद केली. दळणाला बसलेल्या बायकांसमोर सगळं सांगितलं, काही न गाळता. मग हात पुढं केला. "गिरणीच्या किल्ल्या दे."

त्यानं किल्ल्या जमिनीवर फेकल्या. त्या तिथंच पडून राहिल्या. बाई वाकल्या नाहीत. शेवटी त्यालाच उचलून द्याव्या लागल्या.

आठवड्यानं बाईंनी पोतदारबाईकडून खडा घेतला. वीस सेंटचा, आकडा जुळवून, दोनदा तोलून. घडणावळीवरून दोघी अर्धा तास भांडल्या आणि एकमेकींना शेवटपर्यंत बरं म्हणाल्या नाहीत. चमकी बाईंनी तिथंच नाकात घातली.

कृष्णराज आता बायकोसह नळदुर्गात भाड्यानं राहतो. दिवाळीला दोघं आली, तो पाया पडला. बाई नुसत्या "ऊठ" म्हणाल्या. फराळाचं ताट सुनेनं वाढलं. अर्ध्या तासात दोघं निघून गेली.

ती गेल्यावर द्वारकाबाई माझ्या खोलीच्या दारात आल्या. "बाई, म्या लई कडक वागले का?"

मी पुढ्यातल्या वह्या आवरू लागले.

"गप बसू नका. इचारलंय तर सांगा."

"व्हय," मी म्हणाले. "थोडं."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "असू दे," म्हणाल्या आणि गिरणीत जाऊन मोटर सुरू केली.